सिडनीच्या ओढ्यातली घाणेरी आणि आमचा रविवारचा उद्योग

ओढ्याकाठी (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी, बरीच वर्षं वाचनमात्र आहे, पहिलाच धागा, सांभाळून घ्या.

मी सिडनीच्या उत्तरेला हॉर्न्सबीकडे राहतो. घरामागे लाकडी कुंपण, पलीकडे वालुकाश्माचा उतार आणि तळाला ओढा. त्या सगळ्या पट्ट्याला इथे बुश म्हणतात, आपण रान म्हणू. पहिली दोन वर्षं ते रान माझ्यासाठी एक हिरवा पडदा होतं, ऑफिसच्या कॉलवर माझ्यामागे छान दिसायचं एवढंच. मग आई आली तीन महिने. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचा कप घेऊन मागे उभी राहिली आणि ओरडली, अरे ही तर घाणेरी! ही बया इथे पण? पान चुरगळून माझ्या नाकाला लावलं. तोच वास, शाळेमागच्या टेकडीचा.

मग जरा वाचलं. इथे या काटेरी झुडपाला लँटानाच म्हणतात, १८४१ मध्ये ॲडलेडच्या बागेत शोभेसाठी लावलेली, आणि आपल्याकडे त्याच्याही आधी इंग्रजांनी कलकत्त्याच्या बागेत आणलेली, तीही शोभेलाच. मूळची अमेरिका खंडातली. म्हणजे दोन्हीकडे साहेबाच्या बागेतूनच पळालेली आहे.

तर आईच्या टोमण्यांना कंटाळून (दाराशी घाणेरी वाढवतोस आणि वर हप्ते भरतोस) मी आमच्या भागातल्या बुशकेअर गटात गेलो. महिन्यातला एक रविवार, सकाळी तीन तास. कौन्सिल (इथली नगरपालिका) एक पगारी सुपरवायझर पाठवते, हातमोजे, अवजारं, विमा सगळं त्यांचं, बाकी माणसं फुकट. माझा अंदाज होता चारपाच पोरं असतील, निघाले सगळे सत्तरीचे. एक आजी तर काठी टेकत येतात आणि खाली बसल्या की तीन तास उठत नाहीत.

मी विचारलं कोयता कुठाय. हसले सगळे. मला दिली एक छोटी बादली, एक सुरी, फांद्या कापायची कात्री आणि गुडघ्याखाली घ्यायला उशी. आणि बसवलं कुठे, तर जिथे रान सगळ्यात चांगलं होतं तिथे! घाणेरीची भिंत समोर वीस पावलांवर उभी आणि मी इथे स्वच्छ जागेत बोटाएवढी रोपं शोधतोय. मला वाटलं नवीन म्हणून सोपं काम दिलं. तीन महिने झाले तरी तिथेच. शेवटी विचारलं तर कळलं की पद्धतच ती आहे.

ही पद्धत जोन आणि आयलीन ब्रॅडली या दोन बहिणींची. सिडनीत मॉसमनला राहायच्या, टारोंगा झूच्या शेजारी ॲश्टन पार्क आहे तिथे फिरायला जायच्या. १९६० च्या दशकातली गोष्ट. (अवांतर: तिथल्या ब्रॅडलीज हेड या भूशिराचा त्यांच्याशी संबंध नाही, ते नाव १७८८ च्या पहिल्या ताफ्यातल्या विल्यम ब्रॅडली या नौदल अधिकाऱ्याचं. मी वर्षभर उलटं समजत होतो आणि पाहुण्यांना सांगतही होतो.) त्यांच्या लक्षात आलं की माणसं येतात, सपासप साफ करून जातात, आणि वर्षभरात तिथे आधीपेक्षा जास्त तण. मग त्या दोघी चालता चालता जे सापडेल ते उपटायला लागल्या, पण चांगल्या जागेपासून सुरुवात करून वाईटाकडे सरकत. माती शक्यतो हलवायची नाही, हललीच तर वरचा पालापाचोळा होता तसा परत पसरायचा. आणि तिसरं, मला सगळ्यात अवघड जाणारं, की मूळची झाडं जेवढी जागा भरतील तेवढंच पुढे सरकायचं. म्हणजे वेग आपण ठरवायचा नाही, रानाने ठरवायचा.

आता माझा पराक्रम. हे सगळं ऐकूनही मला दम निघाला नाही. ईस्टरच्या लाँग वीकेंडला मी आणि शेजारचा, आम्ही घरामागची घाणेरी स्वतःच साफ केली, चार दिवस, हाताला ओरखडे, कंबर गेली, पण काय दिसत होतं! ओढा दिसायला लागला घरातून. फोटो काढले, ग्रुपवर टाकले. सुपरवायझर बाई बघायला आल्या, काही बोलल्या नाहीत, फक्त म्हणाल्या, रेन कुठे गेले?

रेन म्हणजे फेअरी रेन, चिमणीपेक्षा लहान पक्षी, शेपटी कायम उभी, नर असा काही निळा की नीळ कालवल्यासारखा. सातआठ जणांचं कुटुंब त्या घाणेरीत राहायचं. काटेरी गचपण हेच त्यांचं घर, कारण मूळची दाट झुडपं कधीच गेलेली. आम्ही घर पाडलं, दुसरं बांधलं नाही. आठवड्यात नॉइझी मायनर नावाचे दांडगट पक्षी आले, ते मोकळ्या जागेत लहान पक्ष्यांना टिकू देत नाहीत. आणि जमिनीवर ऊन पडल्याबरोबर पावसाळी महिन्यात ट्रॅड नावाचं लोळणारं तण आलं गालिच्यासारखं, त्यावर प्रिव्हेट या परक्या झुडपाची रोपं. मूळचं एकही नाही.

दोन वर्षं झाली त्याला, अजून निस्तरतोय.

आता प्रश्न: भारतात, महाराष्ट्रात असं हळूहळू काम कोणी करतं का? की सगळ्या मोहिमाच असतात? अनुभव लिहा.

टेकडीवाली

वाचनखूण साठवली. पुण्यात वेताळ टेकडीला रोज जाते, त्यामुळे जखमेवर मीठ चोळलंत 🙂

आमच्याकडे मोहिमाच. मागच्या वर्षी कॉसमॉस उपटायला गेलो होतो. ते केशरी फूल हो, गणपतीनंतर टेकड्या पेटल्यासारख्या दिसतात आणि लोक त्यात उभं राहून रील काढतात. पन्नाससाठ जण, बॅनर, टोप्या, पोह्यांची सोय. दोन तासात ढीग केला कमरेएवढा. पण फुलं येऊन बी धरलेलं होतं, आणि आम्ही ती झाडं हातात धरून अर्धी टेकडी फिरलो ढिगापर्यंत. यावर्षी कुठून कुठून चाललो होतो तो रस्ता बरोब्बर केशरी उगवलाय. अक्षरशः नकाशा काढलाय आमच्या पायांचा.

खवचट_काका

टेकडीवाली तै, हा प्रतिसाद फ्रेम करून लावा 😂

बाकी मूळ धाग्यावर माझा प्रश्न नेहमीचा. परकं म्हणजे नक्की काय? मिरची पोर्तुगीजांनी आणली, बटाटा, काजू, पेरू, टोमॅटो सगळं बाहेरचं. उद्यापासून ठेचा बंद करायचा का? सिडनीत राहणारा मराठी माणूस परकी झाडं हाकलतोय यात काही विनोद दिसतो का धागाकर्त्यांना?

ओढ्याकाठी

काका, विनोद बायकोला पहिल्या दिवसापासून दिसतो. मी रविवारी बूट घालायला लागलो की ती म्हणते, निघाला व्हिसावाला लँटानाला डिपोर्ट करायला. आणि इथे आपली साळुंकी पण उपद्रवी आहे बरं का, इंडियन मायना म्हणतात, १८६२ मध्ये मेलबर्नला आणून सोडली. त्यावरून ऑफिसमध्ये जे ऐकून घ्यावं लागतं ते वेगळंच.

पण मिरचीचं उत्तर सोपं आहे. मिरची बांध ओलांडून जंगलात जात नाही. पाणी घातलं नाही तर मरते बिचारी. बाहेरून आलेल्या हजारातली थोडीच अशी निघतात की तिथल्या कुणालाही वाढू देत नाहीत. भांडण त्यांच्याशी. उलट इथे पिटोस्पोरम म्हणून झाड आहे, पक्कं इथलं, पण रानातल्या नेहमीच्या आगी थांबल्या आणि खत मिळालं की तेही दादागिरी करतं, मग तेही कापतो.

काजूबोंड

आमच्याकडे रत्नागिरी जिल्ह्यात घाणेरीपेक्षा रानमोडी. नावातच सगळं आलं, रान मोडते ती. काजूच्या बागेत, रस्त्याकडेला, देवराईच्या कडेला, जिथे म्हणून एक झाड पडून ऊन आलं तिथे ही हजर. डिसेंबर जानेवारीत फुलते, मग ती बारीक म्हातारीसारखी बियाणं वाऱ्यावर. फेब्रुवारी मार्चला वाळून कडकडीत होते आणि वणवा लागला की आधी हीच पेटते, काजू होरपळतो, आणि पहिल्या पावसात बुंध्यातून परत हीच फुटते! म्हणजे आग पण तिचीच आणि फायदा पण तिचाच.

लहानपणी खरचटलं की हिचाच पाला चोळायचो, रक्त थांबतं, ते मात्र खरं आहे.

अजून एक, केरळात हिला कम्युनिस्ट पच्चा म्हणतात.

खवचट_काका

आणि गाजर गवताला आपण काँग्रेस गवत म्हणतो. समतोल साधलाय निसर्गाने. अमेरिकेने पीएल ४८० च्या (धान्याच्या मदतीच्या) सडक्या गव्हातून पाठवलं ते गवत, आमच्या पिढीने तो गहू खाल्लाय.

जुनीवही

काका, इथे एक पाचर मारतो. पीएल ४८० हा अमेरिकेचा कायदा १९५४ चा. आणि गाजर गवत पुण्यात प्राध्यापक परांजपे यांनी १९५१ सालीच पाहिलेलं आहे, वैज्ञानिक नोंद १९५६ ची. म्हणजे त्या गव्हातून बी पसरलं असेल, नक्की हातभार लागला असेल, पण पहिलं पाऊल त्याच्या आधीच पडलेलं होतं. आपल्याला गोष्ट आवडते म्हणून सगळं पाप त्या गव्हाच्या पोत्यात भरतो आपण.

ऑस्ट्रेलियाशी इथे खरा धागा जुळतो बघा. क्वीन्सलँडमध्ये पण हेच गवत टेक्सासहून आलेल्या कुरणाच्या बियाण्यातून शिरलं. त्यांनी १९८० मध्ये मेक्सिकोचा एक भुंगा सोडला, आपल्याकडे तोच १९८४ मध्ये बंगळूरला सोडला. पावसाळ्यात गाजर गवतावर पिवळट, काळ्या वेलबुट्टीचा किडा दिसतो ना, तोच. पाऊस असेपर्यंत पानं फस्त करतो, मग जमिनीत जाऊन झोपतो, आणि हिवाळ्यात ओल मिळाली की गवत परत मोकळं.

बंडू_मेलबर्न

किड्यांवरून आठवलं, इथला फड्या निवडुंगाचा किस्सा सांगितल्याशिवाय राहवत नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला क्वीन्सलँड आणि न्यू साउथ वेल्समध्ये निवडुंगाने २ कोटी ४० लाख हेक्टर जमीन व्यापली होती. माणसं शेतं सोडून गेली. १९२५ मध्ये अर्जेंटिनाहून कॅक्टोब्लास्टिस नावाच्या पतंगाची अंडी आणली, पुढच्या वर्षीपासून सोडली, अळ्यांनी आतून पोखरून काही वर्षांत निवडुंग आडवा केला. तिकडे बूनार्गा गावात लोकांनी चक्क त्या किड्याच्या नावाने सभागृह बांधलंय! आपल्याकडे असतं तर उत्सव सुरू झाला असता, वर्गणीसकट.

आणि नेमका उलटा किस्सा पण आहे. बिटू बुश म्हणून दक्षिण आफ्रिकेचं झुडूप, समुद्राकाठची वाळू धरून ठेवायला न्यू साउथ वेल्सच्या सरकारी मृदसंधारणवाल्यांनी १९४६ ते १९६८ मध्ये मुद्दाम लावलं. आता त्याच किनाऱ्यावर तेच उपटायला सरकारच पैसे देतं.

रिटायर्डमाणूस

मुद्दाम लावण्याचा विषय निघालाच आहे तर पाप कबूल करतो. मी सरकारी खात्यात होतो, कुठल्या ते विचारू नका. पुण्याच्या आसपासच्या टेकड्यांवर ग्लिरिसिडिया लावणाऱ्यांत या हातांचाही वाटा आहे. उंदीरमारी, गिरिपुष्प म्हणतात तेच. का लावला, तर गुरं सहसा तोंड लावत नाहीत, पाणी लागत नाही, फांदी खोचली तरी जगते. आम्हाला विचारायचे रोपं किती जगली. ग्लिरिसिडिया जगायचा, म्हणून तोच. मेडशिंग, सालई लावली असती तर निम्मी मेली असती आणि मेमो मला मिळाला असता.

दुसरी चूक त्याहून मोठी. आम्हाला वाटायचं टेकडी उघडी म्हणजे टेकडी आजारी. ती उघडी नव्हती हो, तिच्यावर गवतं होती, पवन्या, मारवेल, कुसळी, मधे मधे एखादा गणेर, एखादा पांगारा, मोई, वारस. दख्खनच्या टेकड्या म्हणजे विरळ झाडांची गवताळ रानं. आम्ही तिथे दाट हिरवं छत केलं, खालचं गवत मेलं, आता खाली काळोख आणि उंदीरमारीची पिल्लं. अजूनही दर जूनला वृक्षारोपणवाले येतात तेव्हा मी दुसऱ्या रस्त्याने फिरायला जातो.

टेकडीवाली

रिटायर्ड काका 🙏 एवढ्या सरळ कोणी लिहीत नाही.

मग आता करायचं काय? तोडायचं सगळं? परवानगी मिळणार नाही, आणि मिळाली तरी दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो, टेकडीवर वृक्षतोड, नागरिक संतप्त.

रिटायर्डमाणूस

नागरिक संतप्त होतील आणि त्यांचं चुकणार पण नाही, त्यांना कोणी सांगितलंच नाही. झाडाला हात परवानगीशिवाय लावू नका, शहरात १९७५ चा वृक्ष कायदा आहे, वनजमिनीवर तर वनखात्याशिवाय पान हलवू नका. शिवाय ग्लिरिसिडिया तोडला की बुंध्याला दहा फुटवे येतात, तोडणं हा इलाज नाहीच. मी तरी धागाकर्त्याच्या आजीबाईंसारखं करीन. जिथे अजून गवत आणि मूळची झाडं जिवंत आहेत तो कोपरा शोधा, खात्याला पत्र द्या, आणि त्या कोपऱ्याच्या कडेने फक्त पिल्लं उपटा. पावसात, माती ओली असताना. मोठ्या झाडांची सावली ही फुकटची कामगार आहे, ती कॉसमॉसला दाबून ठेवते, तिला एवढ्यात हाकलू नका.

काजूबोंड

धागाकर्ते, मुळासकट काढायचं काम नीट समजावून सांगा ना. आमच्याकडे रानमोडी गडी लावून कापतात, शंभर टक्के परत येते. हल्ली तर कोणी कापतही नाही, थेट तणनाशक मारतात पंपाने. बांधावरची भारंगी, कुर्डू सगळं जळून जातं त्यात.

ओढ्याकाठी

लिहितो. माझी स्पेशालिटी आहे ॲस्परॅगस फर्न. दिसायला थेट आपल्या शतावरीची धाकटी बहीण, पहिल्यांदा उपटताना आजीच्या बागेतली उपटतोय असं वाटून हात थांबला होता.

हिला ओढून काढली तर वरचे तुरे हातात येतात आणि ती तशीच जिवंत. म्हणून आधी सगळे तुरे शेंडीसारखे एका मुठीत धरायचे. मग सुरी मुळाशी तिरकी खुपसून गोल फिरवायची, भोपळ्याच्या देठाभोवती फिरवतो तशी. करकर आवाज येतो, मुळं तुटतात. मधली कठीण गड्डी, तिला क्राउन म्हणतात, ती तेवढी उचलायची. खाली मुळांना लटकलेले पांढरे गोटे दिसतात पाण्याने भरलेले, सगळ्या नवशिक्यांना वाटतं हेच मूळ कारण, आणि ते खणत बसतात. त्यातून काही उगवत नाही! ते मातीत राहू द्यायचे, माती हलवायची नाही. गड्डी मात्र जमिनीवर ठेवली तर परत मूळ धरते, म्हणून झाडाच्या बेचक्यात अडकवून ठेवतो वाळत. लाल फळं असतील तर ती वेगळ्या पिशवीत, घरी नेऊन कचऱ्यात. एक गड्डी, दीड मिनिट. एका सकाळी माझ्या साठेक होतात, आजींच्या शंभरच्या वर.

औषधाबद्दल: आम्ही वापरतो, लपवायचं काय. पण फवारत नाही. बूटपॉलिशच्या बाटलीसारखी स्पंजची बाटली असते, प्रिव्हेटचं खोड जमिनीलगत आडवं कापायचं आणि कापल्या कापल्या, दहापंधरा सेकंदाच्या आत, कापलेल्या जागी ग्लायफोसेट हे तणनाशक टेकवायचं. उशीर झाला की झाड कापलेलं तोंड मिटून घेतं आणि औषध आत शिरत नाही. म्हणून दोघं मिळून करतो, एक कापतो एक लावतो. शेजारच्या पानावर थेंब पडला तरी बोलणी बसतात.

जुनीवही

घाणेरीसाठी औषध न वापरता करायची भारतीय पद्धत पण आहे, दिल्ली विद्यापीठाचे प्रा. सी. आर. बाबू यांची. झुडूप वरून कापायचं नाही. कुदळीने मातीखाली एकदोन इंचांवर सोटमूळ तोडायचं, म्हणजे जिथून फुटवे येतात तो भाग वरच्या तुकड्यात येतो, आणि मग अख्खं झुडूप तिथल्या तिथे उलटं करून ठेवायचं, मुळं आकाशाकडे. वाळून मरतं. कॉर्बेटमध्ये केलंय हे. आणि नंतर सगळ्यात महत्त्वाचं, तिथे लगेच गवत आणायचं आणि पुढची दोनतीन वर्षं पक्षी बसतात त्या झाडांखाली नवीन रोपं वेचायची, कारण बी पक्ष्यांच्या पोटातून येतं.

प्रमाण सांगायचं तर भारतात वाघ राहतात त्या प्रदेशाच्या ४० टक्क्यांहून जास्त भागात घाणेरी शिरलेली आहे, २०२० मध्ये अभ्यास आला होता. कर्नाटकात मले महादेश्वर डोंगरात सोलिगा आदिवासी लोक तिच्या काड्यांचं फर्निचर करतात, वेतासारखं. छान दिसतं.

खवचट_काका

फर्निचरला मागणी वाढली की लोक घाणेरी लावायला लागतील हा माझा अंदाज नोंदवून ठेवा.

पण मला एक खरंच कळत नाही, चेष्टा नाही. एवढं तण येतंच का? रान एवढं जुनं, लाखो वर्षांचं, आणि एका बागेतल्या झुडपापुढे हरतं?

ओढ्याकाठी

काका, हा प्रश्न मीही विचारला होता. आमच्याकडचं उत्तर आहे गटार.

सिडनीचा वालुकाश्म म्हणजे उपाशी जमीन, फॉस्फरस जवळजवळ नाहीच. इथली झाडं त्याच उपासावर वाढलीत, कित्येकांना जास्त खत घातलं तर मरतात. आता वर टेकाडावर घरं आली, लॉन आलं, लॉनला खत, गाड्या धुणं, कुत्र्यांची घाण. पाऊस पडला की सगळं पाइपातून ओढ्यात. आमच्या उतारावर तुम्ही बघून सांगू शकता पाइप कुठे सुटतो, त्याच्या खाली पंख्यासारखं तण पसरलेलं असतं, आणि चार मीटर बाजूला, जिथे पाणी पोचत नाही, तिथे अँगोफोरा, बँक्शिया, सगळं मूळचं टकाटक. वरून लोक गवत कापून कुंपणापलीकडे ओततात, म्हणतात नैसर्गिकच आहे ना, कुजेल. मी पण दोन वर्षं ओतलंय! घरामागची घाणेरी एवढी माजली कशी याचं अर्धं उत्तर माझ्याच गवताच्या ढिगात होतं.

म्हणून पाइपाखालच्या जागेला आमची सुपरवायझर हातच लावू देत नाही. म्हणते तिथे जिंकता येत नाही, पाणी येतंय तोपर्यंत.

बंडू_मेलबर्न

आणि कधी कधी काहीच लावावं लागत नाही. ब्रोकन हिल खाणीचं गाव आहे आत वाळवंटाकडे, तिथे धुळीने कुंपणं बुडायची. अल्बर्ट मॉरिस म्हणून खाणीतलाच माणूस, झाडांचा नाद, बायको मार्गरेट पण तशीच. १९३६ मध्ये त्याने गावाच्या कडेने कुंपण घालून मेंढ्या आणि ससे बाहेर ठेवायला लावले. मूळची झुडपं आपोआप उठली मातीतल्या बियांतून. आपल्याकडची चराईबंदी कुऱ्हाडबंदी तीच की.

संघटनेचं म्हणाल तर आमच्या व्हिक्टोरियात १९८६ मध्ये लँडकेअर सुरू झालं. मजूर पक्षाच्या मंत्री जोन कर्नर आणि शेतकरी संघटनेच्या अध्यक्ष हेदर मिचेल, राजकारणात दोन टोकं, एकत्र बसल्या. शेजारचे शेतकरी मिळून गट करतात, एकट्याने उपटून उपयोग नाही कारण बी शेजारून येतं.

रिटायर्डमाणूस

चराईबंदी जपून. कुंपण घातलं की पहिली दोनतीन वर्षं उत्तम, मग गवत इतकं माजतं की खालची छोटी फुलं गुदमरतात आणि एका काडीने सगळं पेटतं. आपल्या माळांना थोडी गुरं हवीत. किती आणि कधी, ते धनगराला विचारा, मला नाही.

आणि बंडूराव, उपकाराची फेड म्हणून सांगतो, तुमचा ऑस्ट्रेलियन बाभूळ, निलगिरी, सुरू हे सगळं आम्ही कोकणापासून लावून ठेवलंय.

काजूबोंड

सुरूच्या बनात पर्यटक येतात हो, त्याला कोण हात लावणार! पण ऑस्ट्रेलियन बाभळीखाली खरंच काही उगवत नाही, पाचोळ्याचा थर घोट्याएवढा.

ओढ्याकाठी, तुमचं वाचून एक ठरवलंय. रानमोडी फुलण्याआधी ऑक्टोबरात, आमच्या देवराईच्या कडेने फक्त दहा हात रुंद पट्टा, आतून बाहेर. वडील म्हणतायत देवळाच्या हद्दीत सुरी न्यायची तर आधी गुरवाला विचार. विचारतो.

टेकडीवाली

धागा वर काढतेय, अडीच महिन्यांनी.

पत्र दिलं, तीन फेऱ्या मारल्या, एक कोपरा मिळाला. आम्ही चौघीजणी आणि एक कॉलेजचा मुलगा. शनिवारी सकाळी दीड तास. बॅनर नाही, पोहे आहेत. कोपऱ्यात एक जुनं मेडशिंग आहे आणि त्याच्याभोवती खाटेएवढं गवत, तिथून सुरुवात केली. पहिल्या दिवशी उंदीरमारीची पिल्लं मोजली, १८० नंतर मोजणं सोडलं. एकीने चुकून पवन्याचा गड्डाच उपटला, मग सगळ्यांनी मिळून परत लावला, जगला तो!

लोक थांबून विचारतात काय हरवलंय का तुमचं.

आता मुद्दा. जिथून पिल्लं काढली तिथे एक रोप आलंय, मला ओळखता येत नाही. वीतभर उंच, पानं समोरासमोर, लांबट, टोकदार, पातळ आणि गुळगुळीत. पान तोडलं तर पांढराशुभ्र चीक. मुलगा म्हणतो रुई आहे, उपटूया. फोटो टाकलाय.

जुनीवही

रुई नाही. रुईचं पान जाड आणि मागून पांढुरकी लव असते, हाताला पीठ लागल्यासारखं. फोटोत मागची बाजू नाही, तरी तुम्ही गुळगुळीत म्हणताय म्हणून मला काळा कुडा वाटतोय. आसपास मोठं झाड आहे का? जोडीने लोंबणाऱ्या लांब शेंगा, खाली टोकाला चिकटलेल्या?

टेकडीवाली

आहे!! खाणीच्या बाजूला एक आहे, शेंगा तशाच. पण ते चांगलं अडीचशे मीटर लांब आहे.

रिटायर्डमाणूस

कुड्याच्या बीला रेशमाचा झुबका असतो, वाऱ्यावर येतं, अडीचशे मीटर काहीच नाही. उपटू नका. भोवती तीन दगड ठेवा म्हणजे तुमच्याच मैत्रिणींच्या हातून जाणार नाही. चीक डोळ्यात जाऊ देऊ नका.

ओढ्याकाठी

दगडांऐवजी रंगीत रिबिन बांधा, आम्ही गुलाबी बांधतो. आजींनी विचारलंय, पुढच्या वेळी पानाची मागची बाजू पण काढा फोटोत.

खवचट_काका

शनिवारी किती वाजता जमता? पोह्यांसाठी विचारतोय.